सोळा आकड्यांत आठ तारा

"सोळा आकडे, आठ तारा! दसऱ्याच्या आत सगळ्या चौक्या जोड!" खंबीरराजे गरजले. "नाही जमलं, तर आठही चौक्यांवर निरोप तू स्वतः धावत पोचवायचे. जन्मभर!"

तारमास्तर बाबाजी दोन्ही गुडघे धरून मटकन खालीच बसले. त्यांना वाड्याचा जिना चढवत नव्हता, डोंगरावर काय धावणार कपाळ!

तारा तर ओढून झाल्या होत्या. प्रत्येक इथरनेटच्या तारेच्या एका टोकाला वाड्यातला राउटर, दुसऱ्या टोकाला चौकीतला. पण आकडा, म्हणजे स्वतःचा पत्ता, मिळाल्याशिवाय राउटर तोंड उघडत नाही, आणि राज्यात आकडे उरले होते फक्त सोळा! बाकीचे राजांनी खिरापतीसारखे वाटून टाकले होते. हत्तींना आकडे, मोरांना आकडे, राणीसाहेबांच्या पोपटालासुद्धा आकडा! परत मागा म्हटलं तर राजे लालबुंद व्हायचे.

आता तुम्ही म्हणाल, टोकं सोळा, आकडे सोळा, मग अडलं कुठे? अहो, अडले ते प्रधान अवधूतपंत! दरबारची रीत अशी, की प्रत्येक तारेला चार आकडे. पहिला तारेच्या नावाचा, शेवटचा दवंडीचा, म्हणजे तारेवरच्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा. हे दोन राखीव, आणि मधले दोन टोकांना. या हिशेबानं सोळांत चारच तारा बसत होत्या.

"बाबा, उठा, गुडघ्यांना तेल लावा," बाबाजींची लेक हौसा म्हणाली. बापाऐवजी खांबांवर चढून तिला तारेची नस न् नस ठाऊक होती. ती तडक राणीसाहेबांकडे गेली. "उद्या दुपारचं जेवण मी वाढू?"

"वाढ की," राणीसाहेब म्हणाल्या. त्यांना गंमत हवीच होती.

दुसऱ्या दिवशी राजे जेवायला आले, तर पाट चार! राजांसमोर राणीसाहेब. एका बाजूला एक शिपाई, हातात पाटी: 'महाराज व राणीसाहेब यांचं जेवण'. दुसऱ्या बाजूला ढोल घेतलेला दवंडीवाला. चौघांनाही ताट, चौघांनाही एकेक पुरणपोळी.

"जरा मीठ..." राजे म्हणाले.

ढुम ढुम ढुम! "पंगतीतल्या तमाम मंडळींना कळवण्यात येतं, की महाराजांना मीठ हवंय होऽऽ!"

"ऐकू आलं हो मला!" राणीसाहेब कानांवर हात ठेवून ओरडल्या.

"कुणाला सांगतोस रे गाढवा? समोर ही एकटीच आहे!" राजे भडकले. "आणि हा पाटी घेऊन का बसलाय? आम्ही कुणाबरोबर जेवतोय ते आम्हांला कळत नाही? ते राहू दे. पोळी आण आणखी!"

"संपल्या, महाराज," हौसा म्हणाली. "चारच होत्या. एक पाटीनं खाल्ली, एक दवंडीनं."

"हाकला दोघांना!"

"तारांवरूनही हाकलू ना, महाराज? तिथेही दोनच टोकं. हा बोलला की तो ऐकतो, तो बोलला की हा. पाटी कशाला न् दवंडी कुणासाठी? दर तारेला दोनच आकडे द्या, सोळांत आठ तारा बसतात!"

राजांचा घास हातातच राहिला. "करून दाखव!"

आठ स्वार आठ चौक्यांकडे सुटले, कागदावर हौसानं लिहिलेले आकडे घेऊन. पहिल्या तारेला शून्य आणि एक, दुसरीला दोन आणि तीन, असं करत शेवटच्या तारेला चौदा आणि पंधरा. दोन्ही टोकांना मास्कमधला, म्हणजे एका तारेला किती आकडे ते राउटरला सांगणाऱ्या खुणेतला, शेवटचा दोनशे बावन्न (चार आकडे) पुसून दोनशे चोपन्न (दोन आकडे). इकडे हौसानं वाड्यातल्या राउटरला आकडा दिला, आणि तो कुरकुरला. पडद्यावर आलं, 'इथरनेटवर ही जोडी जपून वापरा!'

"बघा! यंत्रसुद्धा माझ्या बाजूनं!" अवधूतपंतांनी टुणकन उडी मारली.

"यंत्र जपून म्हणतंय, पंत. नको म्हणत नाहीये. त्याला वाटतं, तारेवर दोघांहून जास्त कुणी असेल."

संध्याकाळपर्यंत आठही चौक्यांकडून एकामागून एक उत्तर आलं. बाबाजींना तर रडूच कोसळलं. अवधूतपंत मात्र हटेनात.

"आणि उद्या एखाद्या तारेवर तिसरा कुणी आला, तर त्याला आकडा कुठून देशील गं?"

"तारेला तिसरं टोक फुटलं की मला हाक मारा, पंत," हौसा म्हणाली. "ते बघायला मी तिकीट काढून येईन!"

राजे असे खदाखदा हसले, की त्यांचं पागोटं थेट अवधूतपंतांच्या मांडीवर पडलं. हसता हसताच त्यांनी हुकूम सोडला. बाबाजींना चौक्या फिरायला पालखी, आणि हौसाला तारखात्याचं प्रधानपद!