विकणाऱ्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ

एकदा एक वस्ताद होता, आणि त्याची ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. शपथेवर सांगतो. ती जत्रा मी या डोळ्यांनी पाहिली. आता, ती भरली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, एवढी एक अडचण आहे. पण माझे चुलते तिथे हजर होते. तेही त्या दिवशी कोर्टाच्या तारखेला गेले होते म्हणून पोहोचले नाहीत, हे मान्य. तरीही गोष्ट खरी, कारण खोटी गोष्ट इतकी वर्षे माझ्या ध्यानात राहत नाही.

वस्ताद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तालीम आणि लाल माती आली असेल. हा वस्ताद जन्मात आखाड्यात उतरला नव्हता. अंगकाठी अशी की वाऱ्याच्या दिवशी खिशात पितळेची घंटा टाकूनच तो घराबाहेर पडे. तो बैलांच्या घुंगुरमाळा विकायचा. त्याच्यापुढे आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतत नसे, म्हणून लोकांनीच त्याला ती पदवी दिली होती.

माळा शेठजींच्या. वर्षाकाठी एकदा, नदीकाठच्या बैलांच्या मोठ्या जत्रेत, शेठजींचे पाल पडे आणि वस्ताद त्या पालात बसे. पण आता त्याचे गुडघे थकले होते. यंदाची जत्रा शेवटची, असे त्याने शेठजींना सांगून टाकले. पुढे पालात कोण बसणार, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आपणच आहोत याविषयी म्हाळूला तिळमात्र शंका नव्हती.

म्हाळू हा वस्तादाचा शिष्य. दोन जत्रा त्याच्या हाताखाली काढलेला. आवाज असा की त्याने "या मालक!" म्हटले की पलीकडच्या काठावरचे नावाडी "आलो, आलो" म्हणत होडी सोडीत. वस्तादाची सगळी बोली त्याला मुखोद्गत होती. कुठे हसायचे, कुठे थांबायचे, कुठे "तुमच्यासाठी म्हणून सांगतो" म्हणायचे, सारे पाठ. विक्री मात्र होत नव्हती. त्याचा दोष तो गिऱ्हाइकांना देई.

जत्रेला निघताना शेठजींनी स्पष्टच सांगितले, "म्हाळू, यंदा पाल तू चालवून दाखव. जमलं, तर पुढल्या सालापासून पाल तुझं. नाही जमलं, तर माझा भाचा बसेल. तू बस कोठारात, घुंगरांना चिंच चोळत."

म्हाळूला कोठारातल्या चिंचेच्या वासानेच मळमळत असे. शिवाय त्याच्या बायकोने, सगुणाने, "आमचे हे आता पालात बसणार" म्हणून आळीभर सांगून टाकले होते. नुसते सांगून ती थांबली नव्हती. बसायला नवी गादी शिवून तिने बैलगाडीत टाकली होती. आता त्या गादीवर शेठजींचा भाचा बसावा? छे!

जत्रेच्या पहिल्या सकाळी म्हाळू गादीवर बसला नाही. तो तिच्यावर उभा राहिला. दोन्ही हातांत दोन माळा घेतल्या आणि सर्व बळ एकवटून खळखळवल्या. "या मालक! राजाच्या रथाला शोभेल अशी माळ! सोन्याला लाजवील असं पितळ! बघा, ऐका, घेऊन जा!"

आता बैलांच्या जत्रेत अशी चूक घुंगुरमाळवालाच करू शकतो. समोर रायाजी नावाचे एक शेतकरी नव्याने घेतलेला खोंड घेऊन उभे होते. नवा धनी, नवी जागा, आणि कानाशी एकाएकी हा गदारोळ. खोंडाने एकदा म्हाळूकडे पाहिले, शेपटी वर केली, आणि दावे तोडून जो सुटला, तो तीन तालुके थांबला नाही. वाटेत एका गावात लग्नाचा मांडव होता, तोही त्याच्या शिंगांवर थोडा पुढे गेला.

"मालक, माळ—" म्हाळू म्हणाला.

"माळ घाल चुलीत!" रायाजी गरजले. "घालू कुणाच्या गळ्यात? माझा बैल आण आधी!" आणि धोतराचा सोगा आवळून ते खोंडामागे धावत सुटले.

आसपासची गिऱ्हाइके आपापले बैल घेऊन लांब सरकली. पालापुढे मैदान मोकळे झाले. शेजारचा दोरवाला खो-खो हसत म्हणाला, "वस्ताद, तुमचा पठ्ठ्या जत्रा उठवतो का काय!"

 वस्ताद गुडघ्यावर हात ठेवून उठला. पालातली सर्वांत जड माळ, चामड्याच्या रुंद पट्ट्यावर मुठीएवढाली घुंगरे ओवलेली, त्याने खाली काढली, आणि ती म्हाळूच्या गळ्यात घालून मागे पक्की गाठ मारली.

"संध्याकाळपर्यंत काढायची नाही. आणि आज विकायचंही नाही. पाणी आण, माल उचलून दे, गिऱ्हाइकापाशी उभा राहा."

म्हाळू चपापला. "वस्ताद, मी काय बैल आहे?"

"अजून नाहीस. प्रयत्न कर."

पुढे काय झाले ते सांगायलाच नको. म्हाळू पाणी आणायला निघाला की खळ्ळ. घागर उचलली की खळ्ळ. शिंकला की खळ्ळ-खळ्ळ. पोरेसोरे मागे लागली. दोरवाल्याने तोंडापुढे वैरणीची पेंढी धरली. एका गृहस्थाने तर लांबूनच विचारले, "वस्ताद, ह्याचे दात किती?" म्हाळूला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले. परंतु माळ काढावी, तर कोठार आणि चिंच डोळ्यांपुढे येई.

दुपार झाली तशी लाज मागे पडली आणि मान पुढे आली. पट्ट्याची धार मानेला घासू लागली होती. घाम आणि चामडे एकत्र आले की काय होते, हे बैलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; म्हाळूला ते त्या दिवशी कळले. अखेरीस त्याने खांद्यावरच्या पंच्याचा काठ फाडला आणि पट्ट्याखाली गुंडाळला. जरा बरे वाटले.

इतक्यात पालाशी एक बाई आल्या. वय झालेले, चेहरा उन्हाने रापलेला, हातात कासरा गुंडाळून धरलेला. त्या गोदूमावशी. धनी वारल्यापासून शेत त्याच करीत. त्या बोलू लागल्या आणि म्हाळू सवयीने पुढे झुकला. खळ्ळ! त्यांचा शब्दच ऐकू येईना. त्याने समजल्यासारखी मान डोलावली. खळ्ळ-खळ्ळ!

"अरे ए नंदीबैला, जरा गप उभा राहशील?" मावशी वैतागल्या. "माझं मलाच ऐकू येईना!"

म्हाळू उभा राहिला. अगदी दगडासारखा. आणि गंमत पाहा, दोन जत्रा संपून तिसरी लागली, आज पहिल्यांदा त्याच्या कानात गिऱ्हाइकाचे वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेले.

"माझी जोडी आहे," मावशी म्हणाल्या. "त्यातला उजवा दोन्ही डोळ्यांनी गेला. लोक म्हणतात, विकून टाक. आंधळा बैल कोण कशाला घेतो, ते मला समजतं. मी नाही विकणार. तो डाव्याच्या आवाजावर चालतो. डाव्याच्या गळ्यातली जुनी घंटा फुटली, तेव्हापासून उजवा पाऊलच टाकीना. तसा आवाज मला पाहिजे. एकच, ठळक. गेल्या साली पण आले होते."

"मग गेल्या साली नेली का नाही?" म्हाळूच्या तोंडून गेले. हळूच, कारण मान हलवायची नव्हती.

"कशी नेऊ? तू राजाच्या रथाचं सांगत बसलास. मला तोंड उघडू दिलंस का?"

म्हाळूच्या मानेचे घासणे त्या वाक्यापुढे काहीच नव्हते. वर्षापूर्वी या बाईला तो 'चिक्कू गिऱ्हाईक' म्हणाला होता.

त्याने वस्तादाकडे पाहिले. वस्ताद आभाळाकडे पाहत होता. मग म्हाळूने मांडलेल्या चकचकीत माळा बाजूला सारल्या, मागच्या पेटाऱ्यात हात घातला आणि एक साधी, काळवंडलेली, जाड ओतीव घंटा काढली. ती त्याने हातात धरून खळखळवली नाही. दोरीला टांगली, बैलाच्या छातीएवढ्या उंचीवर धरली, आणि बैल चालतो त्या चालीने पालात चालून दाखवले. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. गळ्यातली माळ त्याने एका हाताने घट्ट आवळून धरली होती.

मावशींनी डोळे मिटले.  "हाच," त्या म्हणाल्या.

"मावशी, ही सगळ्यांत हलक्या किमतीची आहे. माळ नको का?"

"ती तूच घाल. तुला शोभते."

दोरीखाली म्हाळूने पंच्याचा आणखी एक तुकडा गुंडाळून दिला. "मान घासणार नाही," तो म्हणाला. मावशींनी त्याच्या मानेकडे पाहिले, मग त्या फडक्याकडे पाहिले, आणि प्रथमच हसल्या.

संध्याकाळी वस्तादाने माळेची गाठ सोडली. म्हाळू मान चोळीत खाली बसला.

"वस्ताद, ही शिक्षा होती का?"

"शिक्षा बैलालाही करू नये, शिष्याला तर नाहीच," वस्ताद म्हणाला. "हे बघ म्हाळू, माझी सगळी बोली तू पाठ केलीस. पण बोली हा माझ्या कामाचा शेवट आहे. तू तिथून आरंभ केलास. माळ विकत घेतो धनी, आणि वागवतो बैल. त्या दोघांपैकी एकाचीही मान तुला माहीत नव्हती. जे आपण दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, ते आधी आपल्या गळ्यात घालून पाहावं. आणि दुसरं, आपण वाजत असलो की समोरच्याचं ऐकू येत नाही. तुझ्या गळ्यात माळ आज पडली असं लोकांना वाटलं. ती दोन वर्षं वाजत होती, मी फक्त डोळ्यांना दिसेल अशी केली."

सोडलेली माळ म्हाळूने उचलून मांडीवर घेतली.

"लोक मला वस्ताद म्हणतात, गिऱ्हाईक चीत करतो म्हणून. वेडे आहेत. चीत झालेला माणूस पुढल्या साली आपल्या वाटेला येईल का? माझी गिऱ्हाइकं बापापासून लेकापर्यंत येतात. मी कुणाला पाडलं नाही, म्हणून ती येतात."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवला तो गोदूमावशींच्या गावासकट. मावशींची गाडी अख्ख्या जत्रेतून फिरून आली होती, आंधळा बैल जोडीदाराच्या घंटेवर पाऊल टाकीत डौलाने चालला होता, आणि "घंटा कुठली?" म्हणून विचारणाऱ्याला मावशी पालाची दिशा दाखवीत होत्या. म्हाळू गादीवर बसला. आज त्याची पहिली बोली एवढीच होती, "मालक, बैल कुठं चालतो? घाटात का काळ्या रानात?" आणि मग तो ऐकत असे. घाटातल्या बैलाला तो वळणापलीकडे पोहोचेल असा आवाज देई, रानातल्याला हलकी माळ देई, अन् भित्र्या खोंडाला "सध्या काहीच घालू नका, पुढल्या साली या" असे सांगे. हे शेवटचे ऐकून लोक उलट घरच्या दुसऱ्या बैलांसाठी माळा नेत. प्रत्येक पट्ट्याखाली फडक्याची गुंडाळी. पंचा संपला, तेव्हा सगुणाच्या गादीची खोळ कामी आली.

तिसऱ्या प्रहरी शेठजी आले. पाल रिकामे. त्यांनी छातीवर हात मारला. "चोरी! म्हाळ्या, माळा कुठं गेल्या?"

"बैलांच्या गळ्यात, शेठजी."

शेठजींचा विश्वास बसेना, तोच बैल घरोघर निघाले. सारा नदीकाठ असा घुमू लागला की पलीकडच्या गावातल्या पुजाऱ्याने सूर्य डोक्यावर असताना सांजआरती उरकून टाकली. शेठजींनी कानांवर हात ठेवले आणि ते मोठ्याने हसू लागले. "पाल तुझं! चिंच माझा भाचा चोळेल!"

तेवढ्यात धुळीतून रायाजी उगवले. मागे खोंड. धोतराच्या चिंध्या झालेल्या, पण मुद्रा विजयी.

"सापडला!" ते म्हणाले. "आता सगळ्यांत मोठ्या आवाजाची माळ दे. पुन्हा पळाला, तर तीन तालुक्यांत ऐकू आला पाहिजे."

उरलेली माळ एकच होती, काल म्हाळूच्या गळ्यात होती ती. ती तो देणार, तोच वस्तादाने हात धरला. "रायाजी, याला आधी पाल्यापाचोळ्याच्या आवाजाची सवय करा. माळ पुढल्या साली. म्हाळूच देईल."

रायाजी मान डोलावून गेले. आता म्हाळूभोवती दोरवाला, झूलवाला, खुरपीवाला असे सगळे जमले. "कसं जमवलंस रे?" म्हाळूची छाती फुगली. गादीच्या उघड्या कापसावर तो उभा राहिला. "सांगतो. ऐका! विक्रीचं शास्त्र असं आहे—"

मागे खळ्ळ असा आवाज झाला. वस्ताद ती जड माळ घेऊन उभा होता.

म्हाळू ओशाळला. गुपचूप खाली उतरला आणि त्याने मान पुढे केली.

"तुझ्या नाही," वस्ताद म्हणाला. "माझ्या गळ्यात बांध. फडक्यासकट."

"तुमच्या? वस्ताद, तुम्हाला काय शिकायचं राहिलं?"

"हयात गेली माळा विकण्यात. पट्ट्याखाली फडकं घालावं हे मला कधी सुचलं नाही. तुला एका दुपारी सुचलं. ते मानेला कसं लागतं, मला बघू दे."

म्हाळूने गाठ बांधली.  वस्तादाने दोन पावले टाकली, मान इकडेतिकडे वळवली, आणि लहान मुलासारखा चेहरा करून म्हणाला, "अरे वा."

जत्रा उठली. दोघे गाडीमागून चालत निघाले, पुढे वाजणारा वस्ताद, मागे ऐकणारा म्हाळू. अर्ध्या वाटेवर म्हाळूने माळ मागून घेतली, आणि मग वस्ताद ऐकू लागला.

आता कबुली. गोष्टीतला एक भाग मी रचलेला आहे, आणि तो कोणता, ते आपण ओळखले असे तुम्हाला वाटत असेल. नाही, खोंड तीन तालुके पळाला, हे खरे आहे. लग्नाचा मांडवही खरा. म्हाळू एका दुपारी शिकला, ही मात्र माझी शुद्ध थाप. त्याच्या गळ्यात ती माळ दर जत्रेच्या पहिल्या सकाळी पडत असे, आणि त्याचे केस पिकले तेव्हाही तो ती स्वतःच्या हाताने बांधत होता.