काकवीतली चप्पल

गुऱ्हाळमालकाचा खून झाला आणि खुन्याची एक कोल्हापुरी चप्पल तिथंच सांडलेल्या काकवीत चिकटून राहिली. सरकार पक्षाची सगळी भिस्त त्या चपलेवर. आरोपी सर्जा होनमाने म्हणे, ही माझी नव्हेच! त्याचे वकील रणनवरे बोलायला उभे राहिले की कोर्टातला पंखासुद्धा दबकून फिरायचा.

त्यांनी भर कोर्टात सर्जाला ती चप्पल घालायला लावली. सर्जा ऐटीत चार पावलं चालला.

"बघा, केवढी सैल होतेय!" वकील कडाडले. "काय हो तज्ज्ञबाई, हेच का तुमचं शास्त्र?"

प्रयोगशाळेच्या वेर्णेकरबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सर्जाचा अंगठा न्याहाळत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आता जरा तुम्ही घालून बघता?"

"बघतो की!" वकिलांनी तोऱ्यात पाय घातला आणि "आई गं!" करत ते एका पायावर नाचू लागले.

सर्जा कळवळला. "अहो साहेब, अंगठा वर धरायचा असतो, तिथं खिळा हाय!"



बाई म्हणाल्या, "खिळा आम्हाला आधीच टोचला होता, साहेब. तो चुकवायचा कसा, ते तुमच्या अशिलानं आत्ता शिकवलं."