शक्यतो पांढरा अंगरखा

"येसू, हा अंगरखा आहे की कोळशाचं पोतं?"

धवलगडच्या भुजंगराव महाराजांनी अंगरखा दोन बोटांत धरून विचारलं.

येसू परटीण म्हणाली, "धुतला तेव्हा अंगरखाच होता, महाराज. वाळत घातला नि वरून काजळी पडली."

"ते मला सांगू नकोस! येत्या पंचमीला शेजारचे तिन्ही राजे इथे येऊन धुराच्या करारावर शिक्के उठवणार. यजमान मी! त्या दिवशी अंगरखा पांढराशुभ्र हवा. एक डाग दिसला, तर नदीवरचा धुण्याचा घाट काढून घेईन!"

घाट गेला की येसूच्या घरची चूल विझली. आणि तिचा दोष तरी काय? चारही राज्यांत चुन्याच्या भट्ट्या अखंड पेटलेल्या. त्यांच्या लाकडापायी डोंगर बोडके झाले, पाऊस रुसला, नदी आटत आटत धुण्याच्या दगडाखाली गेली. आभाळातून नेमाने पडायची ती फक्त काजळी.

"महाराज, भट्ट्या जरा थांबवल्या तर?"

"आम्ही? निंबगडकरांच्या भट्ट्या आजोबांच्या काळापासून धुमसताहेत. आमचं आत्ता कुठे सुरू झालंय. आधी त्यांनी थांबवाव्यात!"

"आणि ते काय म्हणतात?"

"इतरांनी केलं तर आम्ही करू, म्हणतात. अंबेरीकर म्हणतात, नक्की करू, पण वीस वर्षांनी. कासारखोरेकर करारातून दोनदा उठून गेले आणि दोनदा परत आले."

"मग करार जमला कसा?"

दिवाण त्र्यंबकपंत याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी कागद उलगडून वाचला, "'चारही राजे आपापल्या भट्ट्या शक्यतो कमी करतील.' दोन वर्षं घोडं अडलं होतं. 'शक्यतो' घातलं मात्र, पडून राहिलेला माल हातोहात जावा तसा करार चौघांनी उचलला!"

येसूला वाचता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं.

"महाराज, मलाही असाच कागद करून द्या. चार राजांना जे कलम चालतं, ते मला अडाणीला का जड जाईल?"

महाराज फुलले. परटीणसुद्धा आपल्या कराराची नक्कल मागते! "लिहा, दिवाणजी!"

पंतांनी झोकात लिहिलं, 'राजांच्या कराराच्याच अटींवर, येसू परटीण महाराजांचा अंगरखा शक्यतो पांढरा करील, नाहीतर घाट सोडील.' शिक्का उठला.

पंचमी उजाडली. ऊन असं की दरबारातले खांबही तापले होते. तरी तिन्ही पाहुणे राजे गळ्यापर्यंत शाली लपेटून बसलेले. येसू ताट घेऊन आली आणि तिने वरचा रेशमी रुमाल दूर केला. आत कडक इस्त्रीचा, सुबक घडीचा, वर मोगऱ्याचं फूल ठेवलेला काळाकुट्ट अंगरखा!

"हे काय?" महाराज ओरडले.

"करार पाळला, महाराज."

"हा पांढरा आहे?"

"शक्यतो."

महाराजांनी अंगरखा उलटापालटा करून पाहिला.

"धुतलास तरी का?"

"धुण्याबद्दल नवऱ्याबरोबर दोन बैठका घेतल्या. दुसरीला लाडू केले होते."

"आणि?"

"ठरलं असं, की इतर परटिणींनी धुतलं तर मीही धुवीन." निंबगडकर शालीत हलले. "वीस वर्षांनी मात्र नक्की पांढरा होईल." अंबेरीकर छताचं कोरीवकाम न्याहाळू लागले. "शिवाय हा मळ माझ्या सासूच्या काळापासूनचा. माझं आत्ता कुठे सुरू झालंय. आधी तिने धुवावं." भुजंगरावांना ठसका लागला. "मधे मी घाटावरून दोनदा उठून गेले..."

"आणि दोनदा परत आलीस, कळलं!" कासारखोरेकर घाईघाईने म्हणाले.

"तो शब्द राजांसाठी होता, परटिणीसाठी नव्हे!" भुजंगराव गरजले. "दिवाणजी, हिच्या कागदावरचा 'शक्यतो' खोडा!"

"खोडा की!" येसू म्हणाली. "पण माझा कागद राजांच्याच अटींवर आहे. तिथे 'शक्यतो' राहिला, तर इथेही राहतो, आणि घाट माझा राहतो. इथला खोडायचा तर तिथलाही खोडा. भट्ट्या थंडावू द्या, दोन दिवसांत अंगरखा बगळ्यासारखा करून आणते. नाही आणला तर घाट तुमचा!"

पंतांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, वाचले, पुन्हा वाचले. "बाई बरोबर बोलते, महाराज," ते कसंबसं म्हणाले.

अंबेरीकरांनी सुस्कारा सोडला. "आमचा परीट काहीच बोलला नाही. नुसती शाल आणून दिली." आणि घामाने चिंब झालेल्या त्या राजाने शाल काढून टाकली. आत काळाकुट्ट अंगरखा! मग निंबगडकरांची शाल उतरली, मग कासारखोरेकरांची. एकाहून एक काळे!

भुजंगरावांनी चारही अंगरखे एकदा नीट पाहून घेतले आणि पोट धरून हसत सुटले. पाठोपाठ तिघेही हसू लागले.

"खोडा, पंत! दोन्हीकडचा खोडा!"

इतक्यात कासारखोरेकर उठले. तिसऱ्यांदा निघाले की काय, म्हणून सगळे वळून पाहू लागले. पण ते फक्त शिक्का आणायला निघाले होते.

चार शिक्के उठले. महाराज म्हणाले, "येसू, घाट तुझ्या घराण्याला कायमचा इनाम! आणखी काय हवं ते माग."

"पाहुण्यांचे तीन अंगरखे द्या. एवीतेवी पाणी तापवायचंच आहे."

"आणि आम्ही दोन दिवस काय घालायचं?" निंबगडकरांनी विचारलं.

"काही नको, महाराज. उकडतंय किती!"

हसण्याने दरबार पुन्हा दुमदुमला, आणि तिन्ही पाहुणे राजे अंगरख्याचे बंद सोडू लागले.