खारवलीची भिंत वळली त्याची कथा

अंबरशा महाराजांना भूत, भविष्य आणि वर्तमान हे तिन्ही काळ तळहातावरच्या रेषांसारखे स्वच्छ दिसत असत, याबद्दल भाविकांच्या मनात शंका नसावी. आज वार कोणता, एवढं मात्र ते रोज सकाळी त्यांना जेवू घालणाऱ्या हाजराबीला विचारत.

बहमनी अमदानीत दाभोळच्या खाडीवर खारवली नावाचं लहानसं बंदर होतं. हुर्मुझहून घोडे घेऊन येणारी गलबतं तिथे पाणी भरायला थांबत. अशाच एका गलबतातून महाराज उतरले आणि पाणी भरून गलबत निघून गेलं तरी परत चढले नाहीत. त्याआधी ते कोण होते, काय करत होते, हे कोणी विचारलं नाही. संताला पूर्वायुष्य विचारू नये, आणि खारवलीत तेवढा उत्साहही कोणाला नव्हता.

महाराजांचा लाडका भक्त म्हणजे इसूब गवंडी. गावात मशीद नव्हती, ती त्याने एकट्याने बांधायला घेतली. जांभा चिरा स्वतः काढायचा, स्वतः वाहायचा, स्वतः रचायचा. अकरा वर्षं लागली. कामाला हात घालण्याआधी त्याने विचारलं होतं, "महाराज, भिंतीचं तोंड कुठे ठेवू?"

महाराज म्हणाले, "मक्केला जाणारी गलबतं दिसेनाशी होतात ना, तिथे."

इसूब एक हंगामभर किनाऱ्यावर बसला. शिडं कुठे विरघळतात ते पाहिलं. मावळतीच्या जरा उत्तरेला. तिकडे तोंड करून त्याने भिंत उभी केली, मधोमध नमाजाची दिशा दाखवणारी मिहराबाची कमान कोरली. शेवटचा चिरा बसेपर्यंत त्याच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. आता त्याला सगळं जग धुक्यातून दिसे. समुद्र आणि आकाश यांच्यात फरक उरला नव्हता. भिंत तेवढी दिसे, कारण ती हाताला दिसे.

अशात मौलाना बदीउद्दीन शिराझी गलबतातून उतरले. बिदरच्या दरबारात मोठ्या मानाने बोलावलेला हा विद्वान! बरोबर चाळीस घोडे, सात पेट्या ग्रंथ आणि सूर्य-तारे मोजून दिशा सांगणारं एक पितळी यंत्र. त्याचं नाव उस्तुर्लाब. खारवलीकरांच्या जिभेवर ते मावेना, म्हणून त्यांनी त्याचं 'उस्तादलाभ' केलं.

"यात अख्खं आकाश आहे," मौलानांनी जमलेल्यांना ऐकवलं. "प्रत्येक मुलखाचं आकाश वेगळं, म्हणून आत या पाच तबकड्या, एकीवर एक. ज्या मुलखात असाल तिथली वर ठेवायची. तुम्हाला काय कळणार म्हणा!"

"नाही कळलं," इसूब प्रामाणिकपणे म्हणाला.

मौलानांनी यंत्र उन्हात धरलं, एक डोळा मिटला, सूर्य मोजला, भिंत मोजली आणि हसू लागले.

"अरे गवंड्या, ही भिंत मक्केकडे नाही, हबशांच्या मुलखाकडे बघते! नमाज कोणाला पोचवतोस?"

"मी दोन्हीकडे गेलो नाही, मौलाना."

"दिसतंच आहे. एवढी वर्षं काय केलंस?"

"हीच बांधली."

"मग आता पाड. तू पाडली नाहीस, तर उद्या जुम्म्याच्या आधी मी बंदराच्या अंमलदाराला सांगून पाडवतो. वाकड्या भिंतीपुढे वाकणं गुन्हा आहे."

बघे हळूहळू पांगले. इसूब भिंतीला पाठ लावून मटकन बसला. पुन्हा बांधायची म्हटली तर अकरा वर्षं कुठून आणायची आणि डोळे कुठून?

काठी टेकत महाराज आले. त्यांना पाहताच तो लहान पोरासारखा रडला. "महाराज, हिला सरळ करा, नाहीतर मला आत चिणा."

"चिणायला गवंडी कुठून आणू?" महाराज म्हणाले. मग मौलानांकडे वळले. "मौलाना, आधी जेवा, मग पाडा. उपाशीपोटी पाडू नये."

हाजराबीने भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. मौलाना शिराझच्या गुलाबांबद्दल बोलत तीनदा भात घेऊन जेवले आणि ओटीवर आडवे होताच घोरू लागले.

दुपार चढली. माडांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या. समुद्राचा आवाज कोणीतरी दूरच्या खोलीत कुराण पढावं तसा येत होता. भिंतीला टेकलेल्या इसूबच्या पापण्या जड झाल्या. त्या गुंगीत त्याने हाजराबीच्या घराच्या मागच्या दारातून महाराजांचा आवाज ऐकला. स्पष्ट, शांत:

"वरचं खाली घाल. खालचं वर आण."

काय ही प्रार्थना! इसूबच्या अंगावर काटा आला. महाराज प्रत्यक्ष अल्लाशी बोलत होते, तेही घरच्यासारखं. आणि मग, भाविकहो, त्याच्या पाठीमागे भिंत हलली. पाणी पिऊन झालेली म्हैस संथपणे वळावी, तशी ती वळू लागली. चिऱ्यांमधून शिडं फडफडत होती. अकरा वर्षांत हातून निसटलेला प्रत्येक चिरा आपण होऊन जागेवर जात होता. घोडे पाण्यावरून चालत होते आणि त्यांच्या टापांचा आवाज येत नव्हता.

"इसूब, ऊठ." महाराज खांदा हलवत होते. "मौलाना पुन्हा मोजणार आहेत."

"कशाला?" मौलाना जांभई देत म्हणाले. "वाकडं ते वाकडंच."

"म्हाताऱ्याच्या समाधानासाठी."

मौलानांनी यंत्र उचललं. सूर्य मोजला, भिंत मोजली. मग यंत्र खाली घेऊन डोळे पुसले. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली.

"काय झालं?" इसूबने विचारलं. त्याला नुसतं धुकं दिसत होतं.

"वळली," मौलाना कुजबुजले. "केसभरही फरक नाही. या अल्ला... सकाळी हीच भिंत..."

"मला जाणवलं," इसूब म्हणाला. "माझ्या पाठीमागेच होती."

शिराझचा तो प्रकांड विद्वान वाळूत गुडघ्यांवर आला. रेशमी पगडी त्याने आधी महाराजांच्या पायांवर ठेवली, मग इसूबच्या चुन्याने फाटलेल्या हातांवर कपाळ टेकलं आणि ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी जुम्म्याची पहिली नमाज त्या भिंतीपुढे झाली. इसूब पहिल्या रांगेत होता, आणि त्याच्या शेजारी जागा मिळावी म्हणून मौलाना पहाटेच येऊन बसले होते.

महाराजांचं ते वचन पुढे मशिदीच्या दारावर कोरलं गेलं: वरचं खाली घाल, खालचं वर आण. गर्विष्ठाला नमवणारं आणि दीनाला उचलणारं असं त्याचं विवरण भाविक पिढ्यान्‌पिढ्या करत आले.

हाजराबीला मात्र तिच्या म्हातारपणी कोणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की ते वाक्य तिला उद्देशून होतं. यंत्राला हिरवट कळंक चढला होता म्हणून मौलाना घोरत असताना महाराजांनी ते चिंचेने घासायला दिलं होतं आणि तबकड्या परत कशा ठेवायच्या ते सांगितलं होतं. तोपर्यंत वर शिराझची तबकडी होती.