परातीतलं झाड आणि वाढलेला मेहुणा

पानगळ झाली आणि दरबारात हाहाकार उडाला!

झालं असं, की तुंगारगडच्या उदंडराव राजांनी परातीत एक झाड वाढवलं होतं. पिंपरणीचं. उंची वीतभर, पण रुबाब रानातल्या वडाचा! एकाच मुळातून पाच खोडं फुटलेली. मधलं जाडजूड खोड म्हणजे आपण स्वतः, असं महाराजांनीच ठरवून टाकलेलं. तीन खोडं तीन सरदारांची. आणि अगदी डाव्या कडेचं काडीसारखं खोड राणीसाहेबांच्या भावाचं, धोंडजीरावांचं.

पानं दाट होती तोवर कुणाचं डोकं कुठं, कुणाला कळत नव्हतं. थंडी पडली, पानं झडली, आणि बघतात तो काय! मेहुणा महाराजांपेक्षा बोटभर उंच!

"सटवाजी!" महाराज झाडाची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या माळ्यावर कडाडले. "छाट त्याचा शेंडा!"

सटवाजीनं कात्री उचलली, तोच पडद्याआडून राणीसाहेब ओरडल्या, "खबरदार! माझ्या भावाला लोखंड लागलं, तर आजपासून मुदपाकखान्यात चूल पेटणार नाही!"

उपासाच्या धास्तीनं महाराजांनी कात्री लगेच खाली ठेवायला लावली.

प्रधानजींनी तोड काढली. महाराजांच्या खोडाला इवलासा फेटा बांधला. धोंडजीराव काय कमी? ते तुऱ्याचा फेटा घेऊन आले नि आपल्या खोडाला बांधून गेले! राजवैद्यांनी महाराजांचं खोड वाढावं म्हणून त्याला तूप चोळलं. खोड वाढलं नाही, मुंग्या मात्र वाढल्या.

शेवटी महाराजांनी फेटे भिरकावले नि गरजले, "सटवाजी, उद्या सकाळी या परातीत मीच उंच दिसलो पाहिजे! कापायचं नाही, बांधायचं नाही, माती उकरायची नाही. जमलं नाही तर गाढवावर उलटं बसवून शिवेपार! घरदार जप्त!"

म्हातारा घरी येऊन डोकं धरून बसला. सून गोजरा भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मामंजी, आधी जेवा. गाढवावर उपाशीपोटी बसू नये."

"थट्टा सुचते तुला? घर जाईल, सूनबाई!"

"कुठं जातंय? पाय आहेत का त्याला? उद्या मी येते तुमच्यासंगं."

सकाळी दरबार खच्चून भरला. गोजरा कमरेला पदर खोचून पुढं झाली.

"कात्री कुठाय, पोरी?" महाराजांनी विचारलं.

"आणली नाही, सरकार. जरा सुपारी मिळेल का?"

"इथं माझी अब्रू चाललीय आणि हिला विडा हवाय!"

गोजरानं महाराजांच्या तबकातल्या दोन सुपाऱ्या उचलल्या, परातीची उजवी कड उचलली नि त्या तिच्याखाली सारल्या. परात कलली. उजवीकडं रेललेलं महाराजांचं खोड सरळ ताठ झालं. आणि उजेडाच्या ओढीनं आधीच डावीकडं झुकलेला मेहुणा असा लवला, की त्याचा शेंडा महाराजांच्या छातीशी आला!

राणीसाहेबांनी धावत येऊन शेंडा चाचपला. शाबूत!

धोंडजीराव मात्र किंचाळले, "अगं ए! माझी उंची कुठं गेली?"

"तिथंच आहे की! मापून घ्या, केसभर कमी नाही. पण समोर महाराज उभे आहेत, सरकार. मुजरा करायला नको? मुजऱ्यात उंच माणूसही वाकतो!"

"पण मी असं वाकून राहायचं तरी किती दिवस?"

"एवढंच ना? आत्ता सुपाऱ्या काढते!" गोजरानं परातीला हात घातला. "फक्त भरल्या दरबारात एकदा मोठ्यानं सांगा, की मला महाराजांपुढं वाकायचं नाही!"

 धोंडजीरावांनी महाराजांकडं पाहिलं. मग हळूच कमरेत वाकले, आणखी वाकले, पार जमिनीला टेकले!

महाराज पोट धरधरून हसले. राणीसाहेबांनाही हसू आवरेना. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि राजवाड्यामागची अख्खी आमराई सटवाजीच्या घराण्याला वंशपरंपरा लावून दिली!