मोगरीवरचा खळगा

बैलगाडीशिवाय गावाचं पान हलत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. धोंडबा सुताराची पटाशी ठोकायची लाकडी मोगरी मोडली होती आणि लग्नघरची चौकट तर वेळेत द्यायची होती. म्हणून तो लोखंडी हातोड्यानंच पटाशी ठोकत होता. पटाशीचं पातं पोलादी, त्याला काय होणार? सगळा मार बसत होता तिच्या सागवानी मुठीला. मुठीचं डोकं फुटून कुंचल्यासारखं पसरलं होतं.

"जरा दमानं घे रे," मूठ हातोड्याला म्हणाली.

"दमानं म्हणजे कसं?" हातोड्याला खरंच कळेना. "मला तर काहीच लागत नाही."

तेवढ्यात मुठीचं कुसळ धोंडबाच्या तळव्यात घुसलं. त्याची बायको भागू म्हणाली, "गेली ही मूठ कामातनं. घालू का चुलीत?"

मुठीचा जीव टांगणीला लागला.

"थांब जरा," धोंडबा म्हणाला. अंगणात मोडक्या गाडीचं चाक पडलं होतं. त्याचा मधला बाभळीचा तुंबा कापून, दांडा बसवून त्यानं नवी मोगरी केली. मुठीचं फुटकं टोक घासून घेतलं आणि घाव घातला. मुठीनं डोळे गच्च मिटले होते. पटाशी लाकडात सरळ उतरली, पण मूठ फुटली नाही. मोगरीच्या तोंडावर मात्र बारीक खळगा पडला.

"तुला लागलं का गं?" मुठीनं विचारलं.

"लागलं की," मोगरी म्हणाली. "म्हणून तर कळलं, तुला किती लागत असेल."

संध्याकाळी भागूनं चूल पेटवली. तिच्यात गेल्या त्या नुसत्या ढलप्या.