धाकूचा वन्स मोअर

एक होतं शिरवल गाव, आणि त्या गावात होता एक भोळा धाकू. भोळा म्हणजे किती? 'जरा थांब' म्हटलं, की कोणी 'चल' म्हणेपर्यंत तिथेच उभा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको केशर सणाला माहेरी गेली, ती परत येईना. कारण तिचे वडील नानाशेठ तिला पाठवीनात.

नानाशेठ म्हणजे नवेबंदर शहराच्या सुशोभीकरण समितीतलं मोठं प्रस्थ. समितीने जुन्या धक्क्याचा कायापालट केला होता. मासळीचा वास येतो म्हणून कोळ्यांना पलीकडे हलवलं, आणि त्यांच्या जागी कोळ्याचा पितळी पुतळा बसवला. पुतळ्याला वास येत नाही.

धाकू बायकोला न्यायला आला तेव्हा नानाशेठ म्हणाले, "जावईबापू, आज समितीबरोबर धक्का बघायला चला. चारचौघांत माझी लाज राखलीत, तर केशर तुमच्याबरोबर येईल. नाहीतर एकटेच जा."

केशरला सासरी जायचं होतं, म्हणून तीही बरोबर निघाली. माहेरी सकाळ-संध्याकाळ सुशोभीकरण ऐकून तिचे कान किटले होते. धाकू निदान दुसऱ्याचं ऐकायचा तरी.

पहिल्यांदा कलादालन. पूर्वीचं मिठाचं गोदाम. भिंतीवर एक फाटकं जाळं टांगलेलं, वर दिवा, खाली पाटी: 'पोकळी'. सगळे त्याच्यासमोर गप्प उभे. धाकूला वाटलं, बिचाऱ्यांना दुरुस्ती येत नाही. तो पुढे झाला आणि जमतील तशा गाठी मारून त्याने सगळी भोकं बुजवली.

"माझी पोकळी!" कलावंत किंचाळला. "आयुष्यभर जपली होती हो! या माणसाने बुजवली!"

केशरने धाकूला खांबाआड घेतलं. "अहो, हात लावायचा नाही. दोन पावलं मागं सरायचं, मान तिरकी करायची आणि 'वा, काय खोली आहे' म्हणायचं. कळलं?"

"कळलं." धाकूने विसरायला नको म्हणून रुमालाला गाठ मारली.

मग तरंगतं उपाहारगृह. जुन्या गलबताला झुंबरं टांगली होती. सुपाएवढी ताटली आली. मधोमध एक कोलंबी, भोवती सोलकढीचे थोडे थेंब.

धाकू उठला. दोन पावलं मागं सरला. मान तिरकी केली. "वा, काय खोली आहे!" आणि धपकन बसला तो मागच्या टेबलावर सार पीत असलेल्या समितीच्या अध्यक्षांच्या मांडीवर. गरम सार आधीच तिथे पोचलं होतं.

नानाशेठांनी दातओठ खाल्ले. खाण्यासारखं दुसरं तिथे फारसं नव्हतं.

"अहो, खायचं समोर आलं की बसून निमूट खायचं," केशर कुजबुजली. "संपेपर्यंत मान वर करायची नाही. कळलं?"

"कळलं." रुमालाला दुसरी गाठ.

मग पाण्यालगतच्या पायऱ्यांवर नाटक. समितीने पाहुण्यांना भाजक्या शेंगांचे पुडे वाटले. नायिका निळ्या कापडाच्या नदीत बुडत होती. "वाचवा!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सगळीकडे चिडीचूप.

कडाम. कडाम.

धाकू मान खाली घालून शेंगा फोडत होता.

नायिका बुडायची थांबली. "भाऊ, तुमचं संपू दे," ती म्हणाली. "मग मी मरते."

"आता एक चूक," नानाशेठ जावयाच्या कानात म्हणाले, "आणि केशर इथेच राहील."

केशरने पुडा काढून घेतला. "अहो, नाटकात कोणी कितीही ओरडलं तरी उठायचं नाही. टाळ्या वाजवायच्या. फारच रंगलं, तर 'वन्स मोअर' म्हणायचं. मग ते पुन्हा करतात. कळलं?"

"कळलं." तिसरी गाठ.

नायिका एकदाची मेली, नाटक संपलं. तेव्हा नानाशेठ ऐटीत काठाशी गेले. "मंडळी, जाण्याआधी माझी कामगिरी बघा. हा कठडा! अस्सल काळा दगड!" असं म्हणून ते त्यावर रेलले.

कठडा थर्माकोलचा होता.

पाणी कमरेएवढंच होतं. चिखल मात्र अस्सल होता. "वाचवा! जावईबापू, वाचवा!"

धाकू उठला नाही. त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जावई टाळ्या वाजवतोय म्हणजे कार्यक्रमच असणार, असं समजून लोकांनीही वाजवल्या. अध्यक्षांनी तर 'किती जिवंत अभिनय' म्हटलं. पितळी कोळी जागचा हलला नाही. पलीकडचा खरा कोळी होडी घेऊन आला आणि त्याने नानाशेठांना जाळ्यात गुंडाळून काठावर आणून ठेवलं.

नानाशेठ उभे राहिले. कानातून चिखल, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. धाकूचे डोळे भरून आले.

"मामा, वन्स मोअर!"

"वन्स मोअर! वन्स मोअर!" सगळ्या पायऱ्या ओरडल्या.

नानाशेठ नुसते थरथरत उभे. धाकूला वाटलं, मामा लाजतायत. तो पुढे झाला, वाकून पाया पडला, आणि त्याने त्यांना अदबीने ढकललं.

"केशर!" चिखलातून आवाज आला. "ने याला! आत्ताच्या आत्ता घेऊन जा!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. केशरने काठावरूनच वाकून नमस्कार केला.

"कळलं, बाबा," ती म्हणाली, आणि धाकूचा हात धरून सासरच्या वाटेला लागली.